मुलाला विचारायचं कसं, हे शिकायला किती वर्षं लागतात?

चार वर्षांच्या मुलासमोर दोन सारखे पेले ठेवा. दोन्हींत कोकम सरबत अगदी एकाच पातळीपर्यंत ओता आणि विचारा, "दोन्हींत सारखं आहे ना?" मूल हो म्हणतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं सरबत उंच, अरुंद ग्लासात ओता आणि पुन्हा विचारा, "आता कशात जास्त आहे?" बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. बाहेरून थेंबही आला नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. तरीही उत्तर ठाम असतं. तेच मूल सात-आठ वर्षांचं झालं की हाच प्रश्न त्याला बावळट वाटतो. "ओतलं म्हणून वाढेल कसं?" असं तेच आपल्याला विचारतं.

मधल्या तीन-चार वर्षांत त्याच्या डोक्यात काय घडलं? घरात आपण "लहान होतं, आता कळायला लागलं" एवढंच म्हणतो. पण काय कळायला लागलं, कोणत्या क्रमाने, आणि एखाद्या मुलाला ते वेळेत कळलं नाही तर ओळखायचं कसं, या प्रश्नांवर विद्यापीठात एक अख्खा विषय उभा आहे. बालविकास आणि मानसशास्त्र. सिंधुदुर्गात बारावीचा निकाल लागला की हा विषय घेऊ पाहणाऱ्या मुली (मुलगे थोडे, पण तेही) दरवर्षी दिसतात. घरचे तीन प्रश्न विचारतात: यात शिकवतात काय, खर्च किती, आणि पुढे पोट भरेल का? तिन्ही रास्त आहेत, आणि पुढच्या दोन्हींचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे.

चूक मुलाची की प्रश्नाची?

पेल्यांचा प्रयोग स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांचा (१८९६–१९८०). लहान मूल एका वेळी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवतं, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. उंची वाढलेली त्याला दिसते, त्याच वेळी रुंदी घटली हे ध्यानात येत नाही. शिवाय "पुन्हा मागे ओतलं तर पहिल्यासारखं होईल" ही उलट दिशेची चाल अजून त्याच्या मनात तयार झालेली नसते. म्हणजे मूल कमी जाणतं एवढंच नाही. त्याची विचार करण्याची रीतच आपल्यापेक्षा वेगळी असते. हे पियाजेंनी दाखवलं आणि शाळेकडे बघण्याची जगाची नजर बदलली.

गोष्ट इथे संपत नाही. १९७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी याच जातीचा प्रयोग थोडा फिरवून केला. समोरासमोर सारख्या सोंगट्यांच्या दोन रांगा. मोठ्या माणसाने एक रांग पसरून लांब केली की मुलं "हिच्यात जास्त" म्हणतात, हे ठाऊकच होतं. यांनी एक खट्याळ टेडी अस्वल आणलं. ते खोक्यातून उडी मारून येई आणि "खेळ बिघडवायला" रांग विस्कटून टाके. सोंगट्यांची हालचाल तीच, पण या वेळी खूप जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं: दोन्ही रांगा सारख्याच.

का? मुलाच्या जागी उभं राहून बघा. बाईंनी विचारलं, "सारखं आहे?" मी हो म्हटलं. मग बाईंनी मुद्दाम काहीतरी केलं आणि तोच प्रश्न परत विचारला. वर्गात तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला की त्याचा अर्थ पहिलं उत्तर चुकलं असा असतो, हे मुलं फार लवकर शिकतात. म्हणून ती उत्तर बदलतात. रांग बाईंनी नव्हे, अस्वलाच्या खोडीने विस्कटली, तेव्हा उत्तर बदलायचं कारण उरत नाही. मुलाचं उत्तर त्याच्या बुद्धीइतकंच विचारणाऱ्याच्या हेतूवर, सुरावर आणि प्रश्नाच्या जागेवर ठरतं.

मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांवर झालेला एक अभ्यासही इथे आठवतो. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते हे कुंभारांच्या मुलांना इतर मुलांपेक्षा लवकर उमगल्याचं दिसलं. हात ज्या वस्तूत रोज असतात तिथे समज आधी येते. मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचे वाटे घालताना जवळ बसलेल्या मुलांमध्ये, किंवा वेंगुर्ल्याकडे काजूबिया मोजणाऱ्या मुलांमध्ये हे कसं दिसेल, हा एम.ए.च्या प्रबंधाला शोभेल असा प्रश्न आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मुलांची बोली जाणणारा संशोधक मात्र लागतो.

"वर्षाचं झालं, अजून चालत नाही"

आता घरातली काळजी घेऊ. शेजारणीचं मूल दहाव्या महिन्यात चाललं, आपलं चौदा महिने झाले तरी भिंत धरून आहे. काळजी करावी का?

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूल आधाराशिवाय एकटं चालू लागण्याचं सरासरी वय सुमारे १२ महिने आहे. पण शंभरातल्या ९८ मुलांना कवेत घेणारा पट्टा ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे चौदाव्या महिन्यात न चालणारं मूल पट्ट्याच्या आत आहे. अठरावा महिना उलटला, तर मात्र दाखवायला हवं.

एक आकडा आणि एक पट्टा यांतला हा फरक समजला की या शास्त्राचा अर्धा पाया समजला. हा पट्टा तयार कसा होतो? शेकडो मुलं घ्यायची, प्रत्येकाला तीच कृती त्याच पद्धतीने करायला लावायची आणि कोणत्या वयात किती मुलांना जमली ते मांडायचं. या मांडणीला 'मानके' म्हणतात. भारतीय बाळांसाठी हे काम बडोद्याला प्रमिला फाटक यांनी केलं. त्यांच्या चाचणीत जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कृती आहेत. प्रत्येक कृतीपुढे ती ३ टक्के, ५० टक्के आणि ९७ टक्के बाळांना कोणत्या वयात जमते ते दिलेलं आहे. ९७ टक्क्यांची रेघ ओलांडूनही कृती जमत नसेल, तर ती सावध होण्याची खूण.

सगळ्याच खुणा पायांच्या नसतात. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल खळ्यात कोंबडी दिसली की बोट दाखवतं आणि लगेच मान वळवून आईकडे बघतं. "तूही बघतेस ना?" हे ते शब्दांशिवाय विचारत असतं. आपलं आणि दुसऱ्याचं लक्ष एकाच गोष्टीवर आणण्याची ही क्षमता पुढे भाषा शिकण्याच्या मुळाशी असते. बोट दाखवणं आणि वळून बघणं या दोन्ही गोष्टी दीड वर्षापर्यंत दिसल्या नाहीत, तर प्रशिक्षित माणूस स्वमग्नतेच्या शक्यतेने पुढची तपासणी सुचवतो. दोन वर्षांच्या सुमारास "पाणी होया" असे दोन शब्द जुळत नसतील, तर सगळ्यात आधी कानांची तपासणी व्हायला हवी. "बापूस पण उशिरा बोललेलो" म्हणत थांबण्यात दीड-दोन वर्षं जातात, आणि मेंदू सर्वांत वेगाने घडत असतो ती हीच वर्षं.

घरात मालवणी, चाचणीत पुस्तकी मराठी

१९३४ मध्ये व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची प्रसिद्ध बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. मुंबई-कर्नाटक आवृत्ती म्हणून ती ओळखली जाते आणि 'बिने-कामत' या नावाने आजही अनेक ठिकाणी वापरात आहे. परदेशी चाचणीचं नुसतं भाषांतर करून चालत नाही, आपल्या मुलांवर ती तपासून प्रश्नांचा क्रम नव्याने लावावा लागतो, हे त्या काळात ओळखणं फार मोठी गोष्ट होती.

पण मानकं शिळी होतात. विसाव्या शतकात अनेक देशांत पिढीगणिक मुलांचे बुद्धिचाचणीतले गुण वाढत गेलेले दिसले. जुन्या मानकांशी आजच्या मुलाची तुलना केली तर त्याचा गुणांक आहे त्यापेक्षा फुगून येतो, आणि मदतीची गरज असलेलं मूल "ठीक आहे" म्हणून निसटतं.

उलटी चूकही होते, आणि आपल्या जिल्ह्यात ती जास्त संभवते. घरात दिवसभर "खंय गेल्लंस?", "माका होया", "माझ्या वांगडा चल" ऐकणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला अनोळखी खोलीत अनोळखी बाई विचारते, "तुझ्यासोबत कोण आलंय? तुला काय हवंय?" मूल गप्प राहतं. कागदावर 'आकलन नाही' अशी खूण पडते. आकलन आहे, प्रश्न त्याच्या भाषेत आलेला नाही. सिंधुदुर्गातून या विषयात शिकून येणाऱ्या मुलीकडे मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाकडे नसलेलं एक साधन जन्मतः असतं, ते हे. मालवणी येणं ही तिच्या व्यवसायातली कसबाची बाब आहे, आणि तिने ती तशीच मानावी.

पदवीच्या वर्गात काय चालतं

बी.ए. मानसशास्त्र म्हणजे माणसं वाचायला शिकणं, अशी समजूत घेऊन मुली येतात आणि पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र समोर आलं की दचकतात. आता कारण स्पष्ट होईल: पट्टा, मानकं, टक्केवारी हे सगळं संख्याशास्त्रच आहे. ज्याला सरासरीभोवतीचा पसारा समजत नाही, तो चौदा महिन्यांच्या निरोगी मुलाच्या आईला उगाच घाबरवील. गणिताची भीती असलेल्या विद्यार्थिनीने हे आधी जाणून घ्यावं. लागणारं गणित अवघड नाही, पण टाळता येत नाही.

याशिवाय विकासाचं मानसशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र, मनोविकृतीचं शास्त्र, प्रयोगांचं प्रात्यक्षिक. दुसरी वाट गृहविज्ञान शाखेतून जाते. तिथे 'मानवविकास' असा स्वतंत्र विषय असतो; पोषण, कुटुंब, बालवाडीचं काम असं सगळं त्यात येतं. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि निर्मला निकेतनचं गृहविज्ञान महाविद्यालय, तर बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ ही त्यासाठी जुनी आणि नावाजलेली ठिकाणं. ज्या मुलीला दवाखान्यापेक्षा बालवाडी, अंगणवाडी, अभ्यासक्रम अशा कामांत रस आहे, तिला ही वाट जास्त मानवेल असं मला वाटतं. आपल्याकडे तिची चर्चा फार कमी होते.

पुस्तकी भाग तीन वर्षांत होतो. पुढची वर्षं लागतात ती देखरेखीखालच्या सरावासाठी. मालवणच्या होडीवर नवीन पोरगा तांडेलाशेजारी उभा राहून पाण्याचा रंग, वाऱ्याचा रोख, मासळीचा माग शिकतो. तांडेल आधी स्वतः जाळं टाकतो, मग त्याला टाकू देतो, आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांगतो. इथेही तसंच. एम.ए.ची विद्यार्थिनी आधी जाणत्या मानसशास्त्रज्ञाला मुलाची तपासणी करताना बघते. मग ती तपासणी करते आणि ज्येष्ठ बघतात. तिने प्रश्न दुसऱ्यांदा विचारला का, विचारताना नजर बरोबर उत्तराच्या चित्राकडे गेली का, मूल कंटाळलं होतं की खरंच अडलं होतं, यावर नंतर तासभर बोलणं होतं. ही चर्चाच खरं शिक्षण. पियाजेंचं पुस्तक कुणीही घरी वाचू शकेल. आपण मुलाला नकळत उत्तर सुचवतोय हे दुसऱ्याने दाखवल्याशिवाय कळत नाही.

चौकट: कोण काय करतं?

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी. वगैरे केलेला डॉक्टर. औषधं तोच लिहून देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या, निदानाला मदत आणि मानसोपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक बहुधा एम.ए. झालेला असतो, शाळा, महाविद्यालय, कुटुंब यांच्या रोजच्या अडचणींत तो मदत करतो. वाचा-उपचारतज्ज्ञ ऐकणं आणि बोलणं बघतो. विशेष शिक्षक शिकण्यातल्या अडचणी असलेल्या मुलांना शिकवतो. त्यालाही पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बी.ए. मानसशास्त्र एवढ्यावर यांपैकी काहीच होता येत नाही.

पदवी पुरते कुठे, अडते कुठे

चौकटीतलं शेवटचं वाक्य प्रवेशाच्या वेळी फार कमी पालकांना सांगितलं जातं. बी.ए. झालेल्या मुलीने समुपदेशनाचा बोर्ड लावू नये. कायद्याचा प्रश्न नंतरचा. आधी समोरच्या मुलाचं नुकसान होतं.

पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. त्यानुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी आजवरची रूढ वाट म्हणजे एम.ए. नंतर दोन वर्षांचं एम.फिल., तेही परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरलं आणि आता परिषदेने त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली आहे. हा बदलाचा काळ आहे. म्हणून ताईने पाच वर्षांपूर्वी जे केलं तेच धाकटीने डोळे मिटून करू नये. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर बघावी. इतर मानसशास्त्रज्ञांसाठी २०२१ चा सहायक आरोग्यसेवा व्यवसायांविषयीचा कायदा आहे. त्यांची नोंदणी हळूहळू त्या चौकटीत येते आहे.

दुसरा बदल आपल्या जिल्ह्याला थेट लागतो. घर, नोकरी, संसार सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करण्याची वाट इथल्या बायकांना सोयीची होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. सराव समोरासमोरच व्हायला हवा, हे कारण मला पटतं. पण कणकवली किंवा दोडामार्गच्या तीस वर्षांच्या बाईसाठी एक दार बंद झालं, हेही तितकंच खरं आहे. जिल्ह्यात किंवा निदान रत्नागिरीपर्यंत नियमित पदव्युत्तर वर्ग आणि सरावाची सोय भक्कम होत नाही, तोवर हा नियम गावातल्या बाईला जास्त महाग पडणार.

ओरोसहून हिशेब मांडला तर

आता खर्च. अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची वर्षाची फी काही हजारांत भागते. जिल्ह्यातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून कुठे आहे याची चौकशी अकरावीतच करावी, कारण तो सगळीकडे नसतो. नव्या रचनेत चौथं ऑनर्स वर्ष केलं तर एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. एकूण वर्षं तेवढीच, पण त्यांतलं एखादं शहरातलं वर्ष वाचतं का हे बघण्यासारखं आहे.

खर्चाचा डोंगर उभा राहतो तो एम.ए.ला. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांपैकी कुठेही जायचं तर घर सोडावं लागतं. सरकारी विद्यापीठातली फी सहसा जड नसते; जड असतं राहणं. खोली, जेवण, प्रवास मिळून महिना १२,००० धरले आणि वर्षाचे दहा महिने धरले, तर दोन वर्षांचे २,४०,००० रुपये झाले. यात फी नाही. खासगी विद्यापीठात फीच वर्षाला लाखांत जाते, आणि मग एकूण आकडा कुटुंबाच्या आंब्याच्या कलमांच्या दोन-तीन हंगामांएवढा होतो. पुढे नोंदणीचा अभ्यासक्रम करायचा तर आणखी दोन वर्षं. सरकारी मनोरुग्णसंस्थांत जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र. खासगीत जागा मिळते, पण पैसे बरेच. आणि जो खर्च कुणी मांडत नाही तो म्हणजे वय: अठराव्या वर्षी सुरू केलेली वाट पंचविशीपर्यंत कमाईविना चालावी लागते.

मदत आहे, पण ती आपणहून घरी येत नाही. राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात; राजर्षी शाहू महाराज शिक्षणशुल्क योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. २०२४ मध्ये राज्याने मुलींची शुल्कमाफी वाढवली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साधं बी.ए. किंवा एम.ए. त्यात बसेलच असं धरून चालू नये, महाविद्यालयात विचारावं. केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत.

माझं मत स्पष्ट सांगते. पैसे थोडे असतील तर ते बी.ए.च्या दिमाखदार महाविद्यालयावर घालवू नयेत. बी.ए. जवळ करावं, आणि साठवलेलं सगळं देखरेखीचे तास भरपूर असलेल्या एम.ए.वर लावावं.

शिकून परत आल्यावर

सिंधुदुर्गची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या थोडी आत होती. साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर, गावागावांत शाळा, पण कित्येक शाळांचे पट अगदी लहान. अशा ठिकाणी मानसशास्त्रज्ञाला काम कुठे?

पहिली जागा आरोग्य खात्याची. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता आणि विकासातला विलंब असे चार गट. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्हावी, आणि तिथे बालरोगतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक असावेत, अशी या कार्यक्रमाची रचना आहे. सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे ओरोसला, जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचं पद असतं. या जागा बहुधा कंत्राटी, मानधनावरच्या असतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

दुसरी जागा शाळा. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरासाठी निर्देश दिले: १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. आपल्या जिल्ह्यात हे दुसरं कलम जास्त मोलाचं. दहा-बारा लहान शाळा मिळून एक फिरती समुपदेशक ठेवू शकतात. एकदा तालुक्याच्या गावी वर्षभर करून पाहावा, असा हा प्रयोग आहे.

विशेष शिक्षकाची वाट मला सगळ्यात व्यवहारी वाटते. बी.ए. नंतर दोन वर्षांचं विशेष शिक्षणातलं बी.एड., त्यावर पुनर्वास परिषदेची नोंदणी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी किती मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा याचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि पुढे राज्यांना तशी पदं जाहीर करायला सांगितलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही त्यात आल्या. गरज कागदावर मान्य झालेली आहे. माणसं कमी आहेत.

तिसरी जागा महिला व बालविकासाची: अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी, बाल संरक्षण कक्षातले समुपदेशक. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात बालकल्याण समितीच्या सदस्यांसाठी ज्या पदव्या नमूद आहेत, त्यांत बालमानसशास्त्र आणि मानवविकास आहेत.

अंगणवाडीला कुणी कमी लेखू नये. ती कल्पनाच महाराष्ट्राच्या मातीत रुजली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवायची, शंख-शिंपले आणि बिया यांनीच शिकवायचं. मूल आपल्या जागेत, आपल्या वस्तूंसोबत आणि आपल्या बोलीत असतं तेव्हाच त्याला काय येतं ते दिसतं, हे त्या दोघींनी कामातून दाखवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. आज अंगणवाडीताईला दीड वर्षाच्या मुलात कोणती खूण बघायची ते नीट समजलं, तर ओरोसच्या रुग्णालयात मूल दोन वर्षं आधी पोचेल. तिला ते शिकवायला कुणीतरी शिकलेलं हवं.

बारावीच्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना एक विनंती. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला तीन गोष्टी विचारा: या अभ्यासक्रमाला नेमकी कोणत्या परिषदेची मान्यता आहे, देखरेखीखालच्या सरावाचे किती तास मिळतात, आणि तो सराव कोणत्या दवाखान्यात किंवा शाळेत, कुणाच्या हाताखाली होतो. तोंडी उत्तर मिळालं तर तेच लेखी मागा.